हिशेब वहिनींच्या नव्वदीचा धरा

पत्र

मी ५८ वर्षांचा. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ३१ वर्षं नोकरी झाली. पुढच्या महिनाअखेरीस मोल्डिंग सुपरवायझर म्हणून निवृत्त होतोय. पीएफचे २७ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ६ लाख येतील. एका सहकारी बँकेत ८ लाखांची ठेव आहे. पीएफची पेन्शन महिन्याला ४,६०० बसेल असं ऑफिसात सांगितलंय. अनगोळात स्वतःचं घर, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच. खानापूर तालुक्यात दोन एकर जमीन आहे, भाऊ कसतो आणि वर्षाला माझ्या वाट्याचे ३६,००० देतो. पत्नी ५३ ची. आई ८२ ची, पाच वर्षांपूर्वी तिला स्टेंट घातला. घरखर्च महिन्याला २८,०००, त्यात औषधांचेच साडेपाच हजार. मला शुगर आणि बीपी. मुलगा पुण्यात फ्लॅट घेतोय, १२ लाख मागतोय. पुतण्या म्हणतो पंधरा लाख सोसायटीत टाका, ११ टक्के मिळतात. आजोबा ५९ व्या वर्षी गेले, वडील ६४ व्या, दोघंही हार्टनं. म्हणजे मी फार तर आणखी पंधरा वर्षं. तेवढ्याला पैसे पुरतील काय ओ?

एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुरतील. पण पंधरा वर्षंच पुरतील, आणि अडचण तिथेच आहे.

४१ लाखांपैकी ५ लाख आजारपणासाठी बाजूला काढले की उरले ३६ लाख. २८,००० च्या खर्चातून पेन्शनचे ४,६०० आणि जमिनीचे महिन्याकाठी ३,००० वजा केले तर २०,४०० कमी पडतात, म्हणजे वर्षाला २,४४,८००. पैशावर ७ टक्के परतावा, महागाई ६ टक्के, जमिनीचं उत्पन्न महागाईबरोबर वाढेल आणि पेन्शन आहे तेवढीच राहील असं धरलं, तर हे ३६ लाख पंधराव्या वर्षाच्या आसपास संपतात. तेव्हा तुम्ही ७३ चे. वहिनी ६८ च्या. त्यानंतर वहिनी कशावर जगणार, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही.

वडील-आजोबांच्या वयावरून स्वतःचं वय धरायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती आता मोडायला हवी. सरकारच्या जन्ममृत्यूंच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे १९७०-७५ मध्ये भारतात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. २०१६-२० मध्ये ते ७० वर आलं. पण तुमच्यासाठी हा ७० चा आकडाही कामाचा नाही, कारण त्यात तान्हेपणी आणि तरुणपणी गेलेले सगळे मोजलेले असतात. जो माणूस साठी गाठतो त्याला तिथून पुढे सरासरी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असतं, बायकांना पुरुषांपेक्षा थोडं जास्तच. आणि सरासरी म्हणजे मर्यादा नव्हे. जवळपास निम्मी माणसं तिच्या पलीकडे जातात. नवरा-बायको दोघांपैकी निदान एक जण पंचाऐंशीच्या पुढे जाण्याची शक्यता तर एकट्या माणसापेक्षा बरीच जास्त. तुमच्या घरात वहिनी पाच वर्षांनी लहान. म्हणून हिशेब त्यांच्या नव्वदीपर्यंतचा धरायचा. आजपासून ३७ वर्षं.

भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघून तुम्ही अंदाज बांधलात, पण शेजारच्या खोलीत आई ८२ ची आहे, स्टेंट घालून पाच वर्षं झालेली. वडिलांच्या काळी छातीत कळ आली की मिरजेला नाहीतर मुंबईला न्यायचं, आणि बरेच जण वाटेतच जायचे. आज अँजिओप्लास्टी बेळगावातच होते. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे औषधी लेप असलेला स्टेंट आधीच्या किमतीच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात मिळतो. ज्या आजाराने तुमचे वडील एका रात्रीत गेले असतील, तोच आजार आता वीस वर्षं सांभाळता येतो.

सांभाळायचा म्हणजे दर महिन्याला पैसे लागतात. पूर्वीचं आजारपण एकदाच मोठा खर्च करायला लावायचं, बैल किंवा दागिना विकून तो भागवला जायचा. आताचं आजारपण किराण्यासारखं महिन्याच्या यादीत येऊन बसतं: रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, शुगरची औषधं, तीन महिन्यांनी एचबीएवनसी (सरासरी शुगरची तपासणी), वर्षाला इको (हृदयाची सोनोग्राफी), डोळ्यांचा पडदा, किडनीची तपासणी. यातलं जवळपास काहीच नेहमीच्या आरोग्य विम्यात बसत नाही. विमा भरती झाल्यावरचा खर्च देतो, आणि बहुतेक पॉलिसींत भरतीआधीचे ३० व नंतरचे ६० दिवस. म्हणून घरखर्चाच्या वहीत औषधपाण्याचा रकाना वेगळा करा. किराणा ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर हा रकाना १० टक्क्यांनी धरा. १० टक्के वाढीने रक्कम सात वर्षांत दुप्पट होते: आजचे ५,५०० तुमच्या ६५ व्या वर्षी ११,००० आणि ७२ व्या वर्षी २२,०००. हे आकडे वर सांगितलेल्या पंधरा वर्षांत धरलेलेच नाहीत.

आता मार्ग. सगळ्यात मोठा आधार तुमच्या डोक्यावरच आहे: वरच्या दोन खोल्या. अनगोळ उद्यमबागेला लागून आहे, इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आणि कारखान्यांतले कामगार दोघंही खोल्या शोधत असतात. महिन्याला सात हजार भाडं धरा. मीटर वेगळा, जिना बाहेरून, ११ महिन्यांचा लेखी करार. भाड्याचा गुण असा की ते महागाईबरोबर वाढतं, ठेवीवरचं व्याज वाढत नाही. एवढ्या एका गोष्टीने पैसे पंधराऐवजी साडेएकवीस वर्षं पुरतात.

दुसरं, ५८ व्या वर्षी पूर्ण थांबू नका. सँड हातात घेऊन ओलावा सांगणारा, कास्टिंगवरचा ब्लो होल, म्हणजे हवेने पडलेलं भोक, बघून चूक कोअरची की गॅस निघायला वाट नव्हती हे ओळखणारा माणूस लहान फौंड्र्यांना हवा असतो, कारण रिजेक्शन दोन टक्क्यांनी उतरलं तरी त्याचा पगार निघतो. अर्ध्या दिवसाचं काम, १५ ते १८ हजार, पाच वर्षं. तेवढ्यात भाडं धरून उरलेली तूट भरून निघते आणि ३६ लाखांना हात लागत नाही. ते ७ टक्क्यांनी पाच वर्षांत ५० लाखांवर जातात. मग ६३ व्या वर्षी खरी निवृत्ती घेतलीत तर पैसे तुमच्या ८५ पर्यंत, म्हणजे वहिनींच्या ८० पर्यंत जातात. उरलेल्या दहा वर्षांसाठी जमीन. तिला आत्ता हात लावायचा नाही.

मात्र काम घेताना फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, धुळीत उभं राहू नका. इन्स्पेक्शन टेबल, पॅटर्न शॉप, नव्या पोरांचं ट्रेनिंग असं काही बघा. ३१ वर्षं सिलिका छातीत गेली आहे. सिलिकोसिस, म्हणजे त्या वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असेल तर धुळीतून बाहेर पडल्यावरही तो वाढत राहू शकतो. निवृत्त होण्याआधी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची फुंकर चाचणी करून रिपोर्ट जपून ठेवा. हे खर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे, कारण श्वासाचा आजार म्हणजे घरात ऑक्सिजनचं यंत्र, त्याचं विजेचं बिल आणि वारंवार भरती.

मुलाच्या १२ लाखांचं उत्तर एका बेरजेत आहे. ते दिलेत तर तुमच्याकडे ३६ चे २४ लाख राहतात आणि भाडं किंवा काम नसेल तर दहा वर्षांत संपतात. तेव्हा तुमचा महिन्याचा खर्च ५०,००० झालेला असेल आणि पेन्शन, जमीन वजा जाता ४०,००० मुलालाच पाठवावे लागतील. याउलट हेच १२ लाख त्याने आज गृहकर्जात वाढवून घेतले तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता १०,४०० च्या आसपास पडतो. आज १०,४०० त्याला जड जातात, तर चाळिशीत, मुलांच्या फिया भरताना ४०,००० कसे झेपतील? हा कागद त्याच्यासमोर ठेवा आणि सुनेलाही दाखवा. नकार देणं आपल्याला अवघड जातं, लोक काय म्हणतील ते वेगळंच. पण हा नकार त्याच्याच भल्याचा आहे, आणि आकडे बघितले की तोही मान्य करील. अगदीच राहवत नसेल तर रजिस्ट्रेशनच्या खर्चापुरते दोन लाख द्या. त्याहून पुढे जाऊ नका.

पुतण्याच्या सोसायटीबद्दल. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, कुठेही गेलात तरी पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकाच्या वेगळ्या सहकार कायद्याखालच्या) सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. त्यांनी आपल्या माणसांना अडीअडचणीला कर्ज दिलं, हे खरंच आहे. पण ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण फक्त बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. क्रेडिट सोसायटी येत नाही, मग ती सहकारी असो, सौहार्द असो की मल्टिस्टेट. सोसायटी अडकली की व्याज तर थांबतंच, मुद्दलासाठीही वर्षानुवर्षं वसुलीच्या फेऱ्या माराव्या लागतात. तरुण माणूस तेवढं थांबू शकतो. सत्तरीत औषधाला पैसे हवे असताना थांबता येत नाही. शेजारधर्म म्हणून एक लाख ठेवा, पंधरा लाख नको. आणि सहकारी बँकेतली ८ लाखांची ठेव मुदत संपताच फोडून तिथे फार तर साडेचार लाख राहू द्या, म्हणजे व्याजासकट ५ लाखांच्या आत बसेल. हे ५ लाख एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून असतात.

आता रकमेची मांडणी. यातल्या पहिल्या पायरीला मुदत आहे, तेव्हा ती चुकवू नका.

२० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठीच्या आत असूनही तुम्हाला ती मिळते, कारण वयोमानाने निवृत्त झालेल्या ५५ ते ६० वर्षांच्या माणसाला निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. तारीख उलटली तर साठीपर्यंत थांबावं लागेल. कंपनीकडून पद, नोकरीचा कालावधी, निवृत्तीची तारीख आणि मिळालेली रक्कम लिहिलेला दाखला शेवटच्या दिवसाआधीच मागून घ्या; नंतर फेऱ्या होतात. व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. ८.२ ने २० लाखांवर तिमाहीला ४१,००० मिळतात. पाच वर्षांनी तीन वर्षं वाढवता येतं. पहिलं नाव तुमचं, दुसरं वहिनींचं; दुसऱ्या नावाला वयाची अट नाही. वर्षाच्या आत पैसे काढले तर व्याज मिळत नाही, दिलेलंही मुद्दलातून वळतं करतात. म्हणून अडीनडीचा पैसा इथे घालायचा नाही.

६ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत दोन-दोन लाखांच्या तीन ठेवी: एक, दोन आणि तीन वर्षांच्या. दरवर्षी एक सुटते, लागली तर वापरायची, नाहीतर पुन्हा तीन वर्षांसाठी.

१० लाख वहिनींच्या नावाने निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये पैसे विभागून लावणाऱ्या म्युच्युअल फंडात. शेअर बाजार म्हटलं की या वयात धास्ती वाटते, हे समजतं. पण हा पैसा तुमचा नाहीच, वहिनींच्या सत्तरीनंतरचा आहे, आणि १७-१८ वर्षं पडून राहणारी रक्कम ठेवीत ठेवली तर महागाई ती पोखरून टाकते. एकदम घालू नका. बचत खात्यातून महिन्याला ५०,००० असे वीस महिने. मार्च २०२० मध्ये निफ्टी दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त कोसळला होता. तसं पुन्हा होईल आणि त्या दिवशी विकून मोकळं व्हावंसं वाटेल. न विकणाऱ्यालाच हा मार्ग लाभतो. १५ वर्षांत सरासरी ९ टक्के वाढ झाली तर १० चे ३६ लाख होतात, कमीही होऊ शकतात. म्हणूनच सगळ्या रकमेवर आम्ही ७ टक्केच धरले.

राहिलेले ५ लाख आजारपणाचे. दोन लाख बचत खात्यात आणि तीन लाख कधीही मोडता येईल अशा ठेवीत. दोन्ही तुमच्या व वहिनींच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला काढता येतील असे. एटीएम कार्ड वहिनींकडेही हवं, आणि त्यांनी महिन्यातून एकदा तरी ते स्वतः वापरायला हवं.

एलआयसीची आजन्म पेन्शन घ्यावी का, असं कुणीतरी तुम्हाला विचारेलच. आत्ता नको. ठरलेली रक्कम शेवटपर्यंत बदलत नाही, ३७ वर्षांत तिची किंमत चहापाण्याएवढी उरेल. सत्तरीला, वहिनींसह संयुक्त प्रकारात, थोड्या रकमेची घ्या; वय वाढलं की त्याच पैशात पेन्शन जास्त बसते. शिवाय शुगर असलेल्या नवऱ्यानंतर एकटीने व्यवहार सांभाळायची वेळ आली, तर दर महिन्याला आपोआप खात्यात येणारा पैसा फार मोलाचा असतो.

पीएफ पेन्शनचं एक लक्षात ठेवा: तुमच्या मागे वहिनींना तिची निम्मीच मिळेल, २,३००. एकट्या माणसाचा खर्च मात्र निम्मा होत नाही. घरपट्टी, वीज, दुरुस्ती तीच राहते.

विमा. कंपनीची गट पॉलिसी निवृत्तीबरोबर संपेल. संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे गट पॉलिसीत काढलेली वर्षं प्रतीक्षा काळात, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतच्या काळात, मोजली जातात. निवृत्तीनंतर नव्याने गेलात तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ५ लाखांची मूळ पॉलिसी दोघांची, आणि तिच्यावर ५ लाखांपुढचा खर्च देणारी सुपर टॉप-अप. आईला याच पॉलिसीत घालू नका, कारण हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. शुगर, बीपी आणि छातीचा रिपोर्ट फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणेल. पहिल्या पाच वर्षांत लपवलेलं सापडलं तर ऐन वेळी दावा नाकारला जातो.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट वाचा. लोक इथेच फसतात. समजा रोजची मर्यादा ५,००० आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. विमा कंपनी फक्त वरचे ३,००० कापत नाही. औषधं आणि इम्प्लांट सोडून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा खोलीशी जोडलेला सगळा खर्च पाच अष्टमांश प्रमाणात देते. असा खर्च दोन लाख झाला तर ७५,००० खिशातून. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. हप्त्याचे पैसे वरच्या २८,००० मध्ये नाहीत. बचत योजनेत ७ ऐवजी ८.२ मिळतात त्याचे वर्षाला २४,००० जास्त येतील, ते आणि अर्धवेळ पगारातले थोडे यासाठी बाजूला काढा.

आईसाठी: ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने सुरू केलं. योजना केंद्राची असली तरी राबवणूक राज्याच्या यंत्रणेतून होते, त्यामुळे कार्ड हातात आलं म्हणजे दार उघडलं असं समजू नका. ज्या हॉस्पिटलात आईची फाइल आहे तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी योजनांचं काम बघणाऱ्या माणसाकडे, जाऊन कुठल्या कार्डावर कुठले उपचार होतात ते आजारी नसताना विचारून ठेवा. आरोग्य कर्नाटक या राज्याच्या योजनेत बीपीएल रेशनकार्ड असेल तर ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीचं सोडून मोठ्या उपचारांना आधी सरकारी दवाखान्याची, म्हणजे आपल्याकडे बिम्सची, रेफरल चिठ्ठी लागते. लोक आधी खासगीत भरती होतात आणि मग चिठ्ठी मागायला धावतात, तिथे अडतं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने तिला हरकत घेतली. कोल्हापूरला उपचार घ्यायचे असतील तर चौकशी जरूर करा, पण तिच्यावर हिशेब बांधू नका.

आईच्या आणि तुमच्या रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या. ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि संपली म्हणून एक दिवसही थांबवू नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या देखभालीचा खर्च कुठलीच साधी पॉलिसी देत नाही. दिवसपाळीच्या बाईचे रोज ६०० धरा, महिन्याला १८,०००. दिवसाला तीन डायपर म्हणजे महिन्याला ९०. हवेची गादी, बेडपॅन, फिजिओथेरपी वेगळी. आयुष्य वाढलं त्याबरोबर अशी दोन-तीन वर्षंही वाढली, आणि घरात ती बहुतेक वेळा सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर पडतात. वहिनी आज ५३ च्या आहेत, आईंचं त्या करतील. तुमचं त्यांनी ७५ व्या वर्षी कसं करायचं, हा विचार आजच करा. खालच्या मजल्यावर कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडा, घसरणार नाही अशी फरशी: हे काम निवृत्तीच्या पैशातून आधी करून घ्या. म्हातारपणी खुबा मोडला की खर्च आणि परावलंबन दोन्ही एकदम येतात.

व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं, हेही घरच्यांवर सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ ला त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रांवर ठेवू नये असं तुम्हाला वाटत असेल तर शुद्धीत असताना लिहा. नाहीतर मुलगा पुण्याहून येईपर्यंत आणि आल्यावरही कुणी निर्णय घेत नाही, बिल वाढत जातं आणि त्रास तुमचाच होतो. वयाबरोबर विसरही येतो. आपल्याकडे मुखत्यारपत्र माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत नसला की चालत नाही. म्हणून संयुक्त खाती, प्रत्येक ठिकाणी वारस नाव आणि नोंदवलेलं मृत्युपत्र हवंच. घर वहिनींच्या हयातीत त्यांच्याच नावावर राहील असं लिहा. मुलाला आत्ता बक्षीसपत्र करून देऊ नका.

या सगळ्याआधी एक काम. आपल्या सीमाभागात एकाच माणसाची चार कागदांवर चार नावं असतात: शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीतून उलटं कन्नडमध्ये गेलेलं, पासबुकावर आडनाव आहे आणि पेन्शन फॉर्मवर गावाचं नाव. जन्मतारीख बहुतेकांची १ जून. पेन्शनचा दहा-डी फॉर्म, विम्याचा दावा, आईचं कार्ड, सगळं इथेच अडकतं. जमिनीच्या उताऱ्यावर अजून वडिलांचं नाव असेल तर वारसा नोंद करून भावासह तुमचं नाव चढवून घ्या, कारण वहिनींच्या शेवटच्या दहा वर्षांचा आधार तोच उतारा आहे. तिघांचे आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड आणि उतारा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि जे जुळत नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. कन्नड कागद वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कंपनी तुमचा शेवटचा हिशेब करायच्या आत, म्हणजे येत्या महिन्यातच, हे दुरुस्त व्हायला हवं. सुरुवात वहिनींच्या आधारपासून करा.